नानांचे तेरा दिवस

“कोन गयं व माय?” नानांनी विचारलं. सकाळपासूनची ही अकरावी खेप.

पहिल्या दोन वेळा रूपालीने नीट सांगितलं होतं, कुणी गेलं नाही नाना, चहा घ्या. चौथ्या वेळी ती नुसतं ‘कुणी नाही’ म्हणाली. आठव्या वेळी तिने ऐकलंच नाही असं दाखवलं, तर नाना मागोमाग स्वयंपाकघरात आले आणि तिची ओढणी धरून उभे राहिले. आता मात्र तिने पोळी तव्यावर आपटली.

“सगळे गेले, नाना. मी एकटीच उरलेय.”

नानांनी गंभीरपणे मान हलवली. “मंग माले दारवर जानं पडी. मन्ही टोपी कोठे शे?”

टोपी डोक्यावरच होती. शर्ट मात्र उलटा होता आणि बटणं लागत नाहीत म्हणून त्यांनी तो पोटाशी मुठीत धरला होता. रूपालीने गॅस बंद केला, शर्ट काढला, सुलट केला, पुन्हा घातला. पाचही बटणं लावून होईस्तोवर नानांनी बाराव्यांदा विचारलं.

निंबा नाना म्हणजे तिचे सासरे. एरंडोलच्या बाजार समितीत चौतीस वर्षं मापाडी होते. पोती तोलण्यात आयुष्य गेलं, नाव असं कुठे झालं नाही. पण भावकीत त्यांची ओळख एकाच गोष्टीसाठी होती. कुणाच्याही घरी मयत झालं, की नाना सायकलवर टांग टाकून दारवर हजर. चार गावं पलीकडचं असो, जवळचं असो की लांबचं, त्यांनी एक दार चुकवलं नाही. भेटीला आलेली बाकीची माणसं कापसाचा भाव बोलायची, तिथे नाना भिंतीला टेकून गप्प बसायचे. मग हळूच विचारायचे, किती दिवस आजारी होता, कुणी केलं त्याचं. सगळं ऐकून घ्यायचे आणि ठरलेली तीन वाक्यं बोलायचे. माणूस चांगला होता. तुमचं काही चुकलं नाही. आता दोन घास खाऊन घ्या. घरातल्या बाईने ते दोन घास खाल्ल्याशिवाय ते उठायचे नाहीत, आणि उठताना ‘येतो’ म्हणायचे नाहीत. मयताच्या घरून निघताना तसं म्हणत नाहीत. मुकाट चपला घालायच्या आणि निघायचं.

रूपालीचे वडील गेले तेव्हा नाना तिच्या माहेरी नशिराबादला असेच आले होते. तिच्या आईने दोन दिवस पाण्याचा थेंब घेतला नव्हता. सगळ्या बाया समजावून थकल्या होत्या. नानांची तीन वाक्यं ऐकून आईने अर्धी भाकरी खाल्ली. ते रूपाली विसरली नव्हती. त्या अर्ध्या भाकरीच्या उपकारावर तिने ही चार वर्षं रेटली असं म्हटलं तरी चालेल.

चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि नानांना जळगावला आणलं. सहा महिन्यांत नाना नातवाचं नाव विसरले, मग मुलाचं, मग संडासाची जागा. डॉक्टरांनी त्याला स्मृतिभ्रंश म्हटलं आणि नातेवाइकांनी ‘वय झालंय’ म्हटलं. नाना दोनदा हायवेवर सापडले, एरंडोलच्या बसला हात करताना. एकदा गॅस सुरू करून काडी शोधत बसले होते. तेव्हापासून रूपाली घराबाहेर पडली की दाराला बाहेरून कडी घालायची आणि दहा मिनिटांत धापा टाकत परत यायची. शिवणाचे कपडे घरोघरी पोचवणं तर कधीच बंद झालं होतं. मशीनवर आता नानांची औषधं ठेवलेली असायची.

तरी हे सगळं तिने ओढलं असतं. पण आता तिच्याच शरीराने काखा वर केल्या. वर्षभर रक्त जात होतं. अंगात सात पॉइंट रक्त उरलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पिशवी काढायची म्हणून सांगितलं. तारीख दिली. हितेंद्रला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, चटईच्या कारखान्यातून रजा मिळाली नाही, तारीख पुढे गेली. दुसरी तारीख दिली. नानांना धुळ्याला दिराकडे पोचवायचं ठरलं, आणि आदल्या दिवशी दिराच्या सासुरवाडीचे पाहुणे उगवले. आता तिसऱ्यांदा चौदा तारीख मिळाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, या वेळेला नाही आलात तर माझ्याकडे पुन्हा येऊ नका. ऑपरेशननंतर दहा-बारा दिवस अंथरुणावर राहायचं आणि दोन महिने काही उचलायचं नाही. नानांना न्हाणीत उठवणं-बसवणं म्हणजे तर सबंध माणूसच उचलणं.

हितेंद्र म्हणाला, बघू काहीतरी. चार वर्षं तो हेच बघत होता. दीर ललित धुळ्याच्या कॉलेजात शिकवायचा, त्यामुळे त्याच्याकडे सल्ला भरपूर. दर रविवारी तो उंटावरून शेळ्या हाकायचा. जागा बदलली की अशा पेशंटला त्रास होतो वहिनी, मी वाचलंय, त्यांना तुमचीच सवय आहे. नानांची बहीण भागा आत्या म्हणायची, सोन्यासारखी सून मिळाली माझ्या भावाला. आणि सगळ्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, काही लागलं तर सांग बरं का. रूपाली सांगायची तेव्हा मात्र कुणाची गुडघेदुखी वर यायची, तर कुणाच्या घरी रंगकाम निघायचं.

गेल्या महिन्यात शेजारणीच्या हातापाया पडून, नानांना तिच्यापाशी बसवून ती संघमित्राताईंच्या बैठकीला जाऊन आली होती. संघमित्राताई निवृत्त नर्स. दुसऱ्या शनिवारी त्या विहाराच्या हॉलमध्ये अशा पेशंटच्या घरच्या लोकांना बोलवायच्या. रूपालीला वाटलं होतं, जुनी गाणी लावा, फोटो दाखवा, असलं काहीतरी सांगतील. ताईंनी आधी तिला चहा दिला आणि तो संपेपर्यंत काही विचारलं नाही. मग तिचं सगळं ऐकून म्हणाल्या, “कुणीतरी या, असं म्हणू नकोस. कुणीतरी नावाचा माणूस कधी येत नाही. नाव घेऊन माग, वार सांगून माग.”

नाव आणि वार. घरी येताना रिक्षात रूपाली तेच घोळवत होती. यांच्या भावकीत नाव आणि वार कधी ठरतात? कुणी मेलं की. पहिल्या दिवशी डबा कुणाचा, तिसऱ्या दिवशी कुणाचा, सोबतीला रात्री कोण राहणार, पोरं कोण सांभाळणार, सगळं न बोलता ठरतं. तेरा दिवस घरात चूल पेटू देत नाहीत. तेव्हा रजा मिळते, गुडघे चालतात आणि रंगकामही थांबतं.

बाराव्यांदा ‘कोन गयं’ ऐकल्यावर हे सगळं तिच्या डोक्यात एकदम उकळलं. नानांना खाटेवर बसवून तिने थेट कौतिक आबांना फोन लावला. आबा नानांचे चुलतभाऊ, भावकीत सगळ्यांत वडील. दहावं-तेरावं त्यांच्या शब्दावर चालायचं.

“आबा, मला नानांचे तेरा दिवस पाहिजेत,” रूपाली म्हणाली.

आबा घाबरले. “काय व्हयनं? कव्हय?”

“काही झालं नाही. नाना इथेच बसलेत. पण ते गेले की तुम्ही सगळे तेरा दिवस येणार ना? कामधाम टाकून येणार. मग ते तेरा दिवस मला आत्ता द्या. चौदा तारखेला माझं ऑपरेशन आहे. रोज एक माणूस आणि एक डबा. पुढे नाना जातील तेव्हा नका येऊ, मी कुणाला नाव ठेवणार नाही.”



“जित्ता मानूसना तेरा दिन?” आबा म्हणाले. “रूपाली, असं तोंडमा बी आनू नको.” आणि त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत एरंडोल ते धुळे बोभाटा झाला. ललितचा फोन आला, आवाज चढलेला. बाप जिवंत असताना त्याचं तेरावं मागता, लोक आमच्या तोंडात शेण घालताहेत. रूपाली म्हणाली, ललितभाऊ, तुम्हाला पाचवा दिवस दिलाय, सुट्टी टाकून ठेवा. हितेंद्र रात्री जेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. तिला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण ते वाईट वाटणंही दमलेलं होतं.

रविवारी सकाळी दारात दोन गाड्या थांबल्या. कौतिक आबा, भागा आत्या, ललित आणि त्याची बायको, अजून आठ-दहा जण. जाब विचारायला आले होते हे चेहऱ्यांवरूनच कळत होतं. पण रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून बायांनी डबे आणले होते. हितेंद्रने कारखान्याच्या चटया अंथरल्या. पुरुष एकीकडे भिंतीला टेकून बसले, बाया दुसरीकडे डोक्यावर पदर घेऊन बसल्या. रूपाली आतल्या दाराशी बसली. बोलायला सुरुवात कुणी करायची हे ठरलं नव्हतं, म्हणून सगळे खाली मान घालून चटईकडे बघत राहिले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून नाना बाहेर आले.

त्यांनी उंबऱ्यात उभं राहून एकदा सगळीकडे पाहिलं. भिंतीशी पुरुष, पलीकडे बाया, कोपऱ्यात डबे, आणि कुणी बोलत नाही. नानांनी टोपी नीट केली. शर्टाचं वरचं बटण निसटलं होतं ते स्वतःच्या हाताने लावलं. वर्षभरात त्यांनी एक बटण लावलं नव्हतं. रूपाली बघत राहिली. पुरुषांच्या रांगेत न बसता नाना सावकाश तिच्यासमोर आले आणि मांडी घालून बसले. घरातली बाई कोण, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

“कोन गयं व माय?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

चार वर्षांत हा प्रश्न तिने किती वेळा ऐकला असेल त्याला गणती नव्हती. तेरा माणसांसमोर आज तिला ‘कुणी नाही’ म्हणायचा कंटाळा आला.

“निंबा नाना,” ती म्हणाली. “एरंडोलचे. बाजार समितीत मापाडी होते.”

बायांमध्ये कुणीतरी ‘अगं’ म्हणालं. ललित उठायला लागला, तेव्हा आबांनी त्याच्या मांडीवर हात ठेवून त्याला बसवलं.

नाना विचार करत होते. “निंबा. त्याले मी वळखस,” ते म्हणाले. “भू दिन आजारी व्हता का?”

“चार वर्षं.”

“कोनं करं त्यानं?”

“मीच.”

“एकलीनी?”

रूपालीने मान डोलावली. तिने भिंतीशी बसलेल्या कुणाकडे पाहिलं नाही, पाहायची गरजही नव्हती.

नानांनी सुस्कारा सोडला. “मानूस चांगला व्हता,” ते म्हणाले. मग थोडं थांबले, आणि रूपालीला वाटलं की आता ते पुढचं विसरले. पण ते विसरले नव्हते. “तुन्हं काही चुकनं नही, बेटा. आते दोन घास खाई ले.”

त्यांनी हात लांब करून जवळचा डबा ओढला. झाकण त्यांना निघेना, ते भागा आत्याने काढून दिलं. नानांनी कळण्याची भाकरी मोडली, वांग्याच्या भाजीला लावली आणि तिच्यापुढे धरली. थोडी भाजी चटईवर सांडली. रूपालीने घास घेतला. तिला रडू येत होतं आणि भूकही लागली होती. सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं, आणि कुणी करून आणलेलं ती कधी जेवली होती तेही आठवत नव्हतं. तिने दुसरा घास स्वतःच्या हाताने घेतला.

नाना समोर बसून बघत होते. दोन घास झाल्याची खात्री झाली तेव्हा ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. ‘येतो’ म्हणाले नाहीत. दारापाशी जाऊन त्यांनी समोर आल्या त्या चपला पायात सरकवल्या, दोन वेगवेगळ्या जोडांच्या, आणि बाहेर उन्हात निघाले.

रूपालीने घास डब्यात टाकला आणि उठायला लागली. चार वर्षांची सवय, नाना उंबऱ्याबाहेर गेले की पाय आपोआप उठायचे. तेवढ्यात तिच्या खांद्यावर भागा आत्याचा हात पडला. हात जड होता.

“तू जेव,” आत्या म्हणाली.

भिंतीशी बसलेले कौतिक आबा कुरकुरत उठले. चपला शोधायला लागले, पण त्यांची एक चप्पल नाना घालून गेले होते. मग ते तसेच अनवाणी, तापलेल्या रस्त्यावर पाय उचलत नानांच्या मागे गेले. जाताना फाटकापाशी वळून त्यांनी ललितला हाक मारली आणि चौदा तारखेला पहिला डबा कुणाचा ते विचारून ठेव म्हणून सांगितलं.

रूपाली खाली मान घालून जेवत होती. भाकरी संपली तेव्हा कुणीतरी न विचारता दुसरी वाढली.