अंड्यांसाठी इंजिन

सहादेवला आयुष्यात एकदाच शॉक बसला होता, आणि त्यातही चूक विजेचीच होती असं त्याचं ठाम मत होतं. नगरहून वायरमनचा कोर्स करून तो कर्जत तालुक्यातल्या आपल्या गावी परतला, तेव्हा बाहत्तरचा दुष्काळ त्याच्याआधीच मुक्कामाला आला होता. विहिरी आटल्या होत्या, गुरं छावणीत गेली होती आणि रोज संध्याकाळी सहा ते दहा लाईट जात होती. यातली शेवटची अडचण सहादेवला आपल्या लायकीची वाटली.

त्या अडचणीपायी त्याच्या वहिनीचं, विजयमालाचं, सगळं अडून होतं. तिनं कोंबडीपालनाचं शिक्षण घेऊन घरातल्या बाजूच्या खोलीत अंडी उबवायचं मशीन बसवलं होतं. कपाटाएवढं लाकडी मशीन, समोर काच, आत दोनशे वीस अंडी. प्रत्येक अंड्याच्या एका अंगाला पेन्सिलीनं फुली, दुसऱ्या अंगाला गोल. दिवसातून तीनदा ती एकेक अंडं कुशीवर वळवायची. पहिल्या खेपेला लाईट अकरा तास गेली आणि एकवीस दिवसांनी मशीनमधून फक्त वास निघाला.

तेव्हाच सासूबाईंनी, मुक्ताबाईंनी, निकाल देऊन ठेवला होता. "दुसऱ्यांदा असं झालं तर मशीन भाईर आन कडबा आत." कडब्याला सोन्याचा भाव आलेला. तो अंगणात उघड्यावर पडलेला त्यांना बघवत नव्हता.

"वहिनी, तुम्ही खुशाल अंडी भरा," सहादेव म्हणाला. "आठ दिवसांत घरचा जनरेटर उभा करतो."

वहिनींनी भरली. जनरेटरचा पहिला आठवडा कागदावरच गेला, कारण सहादेव शास्त्रानं चालणारा माणूस होता. कशाकशाला वीज लागणार याची त्यानं यादी काढली. मशीन, तीनशे वॅट. खोलीत एक बल्ब, चाळीस. तेवढ्यात थोरल्या भावानं, रंगनाथनं, पंखा लिहायला सांगितला.

"दादा, पौषात पंखा?"

"लाईट काय पौषापुरतीच जानार हाय व्हय? पुढं चैत हाय."

आईनं देव्हाऱ्यात बल्ब मागितला. मग मागच्या दारी एक, पुढच्या दारी एक. यादी मिस्त्री अजीजचाचांच्या हातात पडली, तेव्हा तिच्यात पिठाची गिरणीसुद्धा होती. ती कुणी घातली हे आजतागायत कळलेलं नाही.

"ह्येच्यात मशीन कुटं हाय?" चाचांनी विचारलं. ते यादीत पार तळाला गेलं होतं. चाचांनी पेन्सिल घेतली आणि मशीन आणि एक बल्ब सोडून बाकी सगळ्या घराचा अंधार एका रेघेत कायम केला.

विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन दीड वर्ष बेकार बसलं होतं. ते बैल नसलेल्या गाडीवर घालून सात माणसांनी ओढत आणलं आणि रिकाम्या गोठ्यात पक्कं बसवलं. बंद पडलेल्या एका तंबू टॉकीजचा डायनॅमो चाचांनी मिळवला. पट्टा चढला. धुराचा पाईप भिंतीतून बाहेर गेला. घरची वीज उलटी तारेवर जाऊन खांबावरच्या वायरमनला लागू नये म्हणून सहादेवनं भिंतीवर चेंजओव्हरचा स्विच ठोकला. दांडा वर केला की बोर्डाची लाईट, खाली केला की आपली. इंजिन तापू नये म्हणून शेजारी पाण्याचं पिंप ठेवलं. पाणी पिंपातून इंजिनात, इंजिनातून परत पिंपात.

"यात आता काय राहिलं?" सहादेवनं विचारलं.

"काय न्हाई," चाचा म्हणाले. दोघांनीही सगळं आयुष्य इंजिनांच्या आवाजात काढलेलं, म्हणून आवाजाचा विचार कुणीच केला नाही.

तोवर अंडी भरल्याचा एकोणिसावा दिवस उजाडला होता. थंडी अशी पडली होती की चार तास लाईट नसताना मशीनवर घातलेल्या गोधड्याही गार पडत. अंड्यांच्या आत आता टकटक सुरू झाली होती. वहिनी काचेला कान लावून बसायच्या.

सहाला लाईट गेली. सहादेवनं हँडल मारलं. टुक्, टुक्, टुक्, टुक्. दांडा खाली केला, मशीनचा दिवा लागला. वहिनींनी थर्मामीटर बघून मान हलवली. दहा मिनिटं जग अगदी व्यवस्थित चाललं.

अकराव्या मिनिटाला दारात हंडे उभे राहिले.

त्या गावात इंजिनाचा टुक्-टुक् म्हणजे एकच गोष्ट होती. कुणाच्या तरी विहिरीला पाणी लागलं. दुष्काळी कामावर खडी फोडून नुकत्याच परतलेल्या बाया धुळीनं पांढऱ्या झालेल्या अंगानिशी हंडे, कळशा, घागरी घेऊन धावत आल्या होत्या. एकीनं धुणंही आणलं होतं. सगळ्यांत पुढं शेजारच्या छबूबाई.

"कुटं हाय पानी?"

"मावशी, पाणी नाही. वीज आहे."

"पानी न्हाई, मग हे टुकटुक कशापायी?"

"अंड्यांसाठी."

छबूबाईंनी मागं वळून सगळ्यांना सांगितलं, "अंड्यांसाठी म्हनं." चाळीस रिकामे हंडे एकदम खाली आदळले. मग त्यांना पिंप दिसलं. "आन ह्येच्यात काय हाय? आमी तीन कोसावरनं डोईवर पानी आनायचं आन तुमच्या इंजिनानं प्यायचं?"

तेवढ्यात चाचांनी पिंपात बोट घातलं आणि पटकन काढलं. "सहादेवभाऊ, पिंप ल्हान पडलं. गार पानी घाला, न्हाईतर अर्ध्या घंट्यात इंजिन जाम."

सहादेवनं ठामपणे घसा साफ केला आणि पाण्यासाठी आलेल्या चाळीस बायांकडे पाणी मागितलं. त्यावर जे बोललं गेलं त्यात त्याच्या सात पिढ्यांचा ओझरता उल्लेख होता.

आतून विजयमाला आली. तिच्या डोक्यावर घरातला शेवटचा भरलेला हंडा होता. छबूबाईंचा रिकामा हंडा तिनं पिंपातल्या वाफाळत्या पाण्यानं भरला, आपला गार हंडा पिंपात ओतला आणि गरम हंडा छबूबाईंसमोर ठेवला.

"मावशी, सरपण नाही म्हणून किती दिवस गार पाण्यानं अंघोळ करताय?"

छबूबाईंनी हात बुडवला आणि थोडा वेळ काढलाच नाही. "डिझेलचा वास येतुय," त्या म्हणाल्या.

"धुळीपेक्षा बरा ना?"

"बया, लई कडक हाय गं." हंडा उचलून त्या निघाल्या. "थांबा, गार घिऊन येते. माज्या आदी कुनी नंबर लावायचा न्हाई!"

तसा कायदा झाला. अंघोळीचं गार पाणी आणायचं, तेवढंच गरम न्यायचं. पिंप भरलेलं, गावातला एक थेंबही कमी नाही, इंजिन थंड. "हे मी मुद्दामच यादीत लिहिलं नव्हतं," सहादेव चाचांना म्हणाला.

एकविसाव्या दिवशी भलताच घोटाळा झाला. सहा वाजले, सव्वासहा वाजले, लाईट गेलीच नाही. दारात भरलेल्या हंड्यांची रांग. कुणी बोर्डाच्या नावानं बोटं मोडली, कुणी म्हणालं, सरकारचा काय भरोसा. रांगेत चौथ्या नंबरला मुक्ताबाई स्वतः उभ्या होत्या, स्वतःच्याच घराबाहेर. सहादेवनं लोकभावना ओळखली, हँडल मारलं आणि भरल्या लाईटीत दांडा खाली ओढला.

तेवढ्यात आतून विजयमालाची हाक आली. "आत्याबाई, आधी आत या!"

"माजा हंडा राखा," असं पुढच्या-मागच्या दोघींना बजावून मुक्ताबाई खोलीत गेल्या. काचेआड एक अंडं फुलीच्या बाजूनं तडकलं होतं. आतून एक ओलं, रागावलेलं पिल्लू बाहेर पडलं आणि त्यांच्याकडे रोखून बघू लागलं. मग दुसरं. मग एकदम पाच.

"किती?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"सकाळपर्यंत दीडशेच्या वर जातील."

मुक्ताबाई खाली बसल्या. बराच वेळ त्या काचेपासून हलल्या नाहीत. बाहेरून छबूबाई ओरडल्या, "मुक्ताबाई, तुमचा नंबर आला हो!"

"जाऊ द्या म्होरच्यांना," त्या काचेवरची नजर न काढता म्हणाल्या. मग सुनेला म्हणाल्या, "आन त्या कडब्यावर सहादेवला छप्पर घालाया सांग. ही खोली काय आता रिकामी हुत न्हाई."