मॅलकीचा रंग

बेलमलेटच्या बाजारात मॅलकी दिसला की कुणीतरी हटकून विचारायचं, "काय रे, स्पेनला जाऊन आलास वाटतं?" आयर्लंडातल्या मेयोच्या त्या किनाऱ्यावर ऊन कसलं पडतंय! पण मॅलकीचा चेहरा भर हिवाळ्यातही तांबूस सावळा. आमच्या घराण्याच्या रक्तातच लोखंड आहे, असं तो मिशीत हसून सांगायचा.

त्याची बायको नोरीन हिलाही त्या रंगाचं कौतुक होतं. अलीकडे मेंढ्यांमागे चार पावलं टाकली की तो दमायचा. म्हणून तिनं त्याला कलेजी आणि लोहाचं टॉनिक सुरू केलं होतं.

मग त्याचा थोरला भाऊ डोमिनिक गुरांच्या बाजारात कोसळला. पक्षाघात. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. रक्त तपासल्यावर डॉक्टरांनी नोरीनला समजावलं, की इतरांचं शरीर लागेल तेवढंच लोह घेतं, यांचं मात्र येईल त्या पाहुण्याला घरात घेतं आणि जाऊ कुणालाच देत नाही. साचलेल्या लोहानं माणूस दमतो, कातडी सावळी पडते, सांधे सुजतात. हा दोष आईबापांकडून येतो. झटका त्यामुळेच आला असं छातीठोकपणे सांगता येत नाही, पण धोका वाढत असावा. सख्ख्या भावानं तपासून घ्यावं.

 घरी येताच नोरीननं टॉनिकची बाटली मोरीत ओतली.

मॅलकी मात्र ऐकेना. मेंढ्या विताहेत, म्हणे. आणि डोमिनिक सिगारेटी ओढायचा, मला काय धाड भरलीय? ती रोज सकाळी त्याला काहीबाही बोलायला लावायची आणि तोंड वाकडं होतंय का ते बघायची.

"अगं, पोपट आहे का मी?" तो वैतागायचा.

मंगळवारी तो नोरीनबरोबर इस्पितळात भावाला भेटायला गेला. सौदा पक्का करताना दाबतात तसा डोमिनिकनं डाव्या हातानं त्याचा हात दाबला. मॅलकी कळवळला. त्याच्या पहिल्या दोन बोटांची मुळं सुजली होती. फाटकाचा मार लागलाय, असं त्यानं नोरीनला सांगून ठेवलं होतं.

डोमिनिक त्या सुजेकडे बघत राहिला. मग त्यानं पांघरुणावर निपचित पडलेला आपला उजवा हात डाव्या हातानं उचलून पुढे धरला. त्याच दोन बोटांची मुळं, तशीच सुजलेली.

"तुलाही?" मॅलकीनं विचारलं. "मग बोलला का नाहीस रे, दादा?"

डोमिनिकच्या ओठांतून नुसता घरघराट आला.  मॅलकी बायकोकडे न बघता म्हणाला, "नोरीन, रक्त कुठे घेतात ते विचार."

नर्सनं रक्त घेतलं. जनुकांचा निकाल यायला वेळ लागेल म्हणाली. जाता जाता तिनं सहज विचारलं, "मुलं किती?"

"चार," नोरीन म्हणाली. "म्हणजे त्यांनाही तपासायला हवं?"

"मी सांगतो त्यांना," मॅलकी म्हणाला. बाहेर येऊन त्यानं आधी थोरलीला, बॉस्टनला, फोन लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली.