लिंबाच्या सावलीचा डाव

चौसाळ्याजवळच्या चारा छावणीत चारशे जनावरं होती आणि सावलीला लिंबाचं, म्हणजे कडुलिंबाचं, झाड एकच. सावलीवरून रोज भांडणं लागू लागली, तेव्हा छावणी चालवणाऱ्या दूध संस्थेचे चेअरमन मोहनराव वैतागून म्हणाले, "सकाळी रमी खेळा. जिंकंल त्याची जनावरं दिवसभर सावलीत." दुष्काळात माणसांना दुसरा उद्योग तरी कुठे होता.

तेव्हापासून उत्तरेश्वरची बैलजोडी लिंबाखालून हललीच नव्हती. गडी पत्त्यांत पटाईत, आणि ते दिवसातून चारदा सांगण्यात त्याहून पटाईत. म्हणून एका सकाळी वत्सलाकाकू पदर खोचून डावाला बसल्या तेव्हा त्याला हसू आवरेना. काकूंची गाय दिवस भरून उन्हात धापा टाकत होती, आणि काकूंनी जन्मात पत्ता हातात धरला नव्हता.

"शिकव मला," त्या म्हणाल्या.

उत्तरेश्वरला शिकवायला लई आवडायचं. "तेरा पानं. एका रंगाची सलग तीन लागली की लाइन. न्हाईतर सारख्या आकड्याची तीन. एक लाइन बिनजोकरची पाह्यजेच. आन् काकू, राजा-राणी आधी फेकायची. हातात राहिली की धा-धा गुण अंगावर."

काकूंनी सगळ्यांदेखत बदामचा राजा आणि राणी शेजारी लावली, पण फेकेनात.

"कावून?" उत्तरेश्वरने विचारलं.

"जोडी हाय. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. मालक गेल्यापासून मुकादम मला अर्धा कोयता म्हणतो, नेत न्हाई. म्या न्हाई जोडी फोडणार."

उत्तरेश्वरला वाईट वाटलं, पण डाव सोडण्याइतकं नाही.

"गाय उन्हातच व्यायची मग," पत्ते वाटून देणारा शहादेव उरलेली गड्डी मधे ठेवत म्हणाला. काकूंनी गड्डीतून पान ओढलं.

खेळ रंगला. उत्तरेश्वरला आता एकच पान हवं होतं. त्याने गड्डीतून ओढलं, तर आला बदामचा गुलाम. "बघा काकू, मोठं पान असं फेकायचं," म्हणत त्याने तो ऐटीत खाली टाकला. काकूंच्या हातात काय आहे ते त्याने मघाशीच पाहिलं होतं, पण उपदेशाच्या भरात साफ विसरला.

काकूंनी गुलाम उचलून राणीशेजारी लावला, एक पान पालथं टाकलं आणि बाकीची पसरली. शहादेवने तीनतीनदा तपासली. सगळी बरोबर होती. डाव काकूंचा.

उत्तरेश्वरने खाली मान घालून लिंबाखालचे बैल सोडले. छावणी दिवसभर त्याला "मास्तर" म्हणत राहिली. चारच्या सुमारास गाय व्यायली. कालवड होती, अशक्त, पाय टेकता टेकत नव्हते. काकू तिला पदराने पुसत होत्या आणि रडत होत्या.

दुसऱ्या सकाळी शहादेव पत्ते पिसत आला. लिंबाखाली कालवड अजून उभी राहायला धडपडत होती. उत्तरेश्वर आपल्या बैलांशेजारी उन्हात बसला होता.

"ठिव ते. आठ दिस खेळायचं न्हाई," तो म्हणाला. "मला पत्त्यांचा लई कंटाळा आलाय बे."