कामापुरता संबंध

तिने पत्र काकांच्या बाजूला फिरवून टेबलावर सरकवलं आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"एवढं वाक्य काढायला हवं, काका."

काकांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. त्यांची शालेय पुस्तकांची प्रकाशनसंस्था. विज्ञानाच्या पुस्तकांतल्या आकृत्या सात वर्षं तीच काढत आली होती, घरी बसून. नात्यातले नसूनही ते काका झाले होते.

"'या आमच्याच संस्थेतल्या, अगदी घरच्यासारख्या आहेत.'" त्यांनी मोठ्याने वाचलं. "यात वाईट काय?"

"मी अर्ज केलाय स्वतंत्र व्यवसाय म्हणून. व्हिसाच्या खिडकीवरची बाई म्हणते, संस्थेतल्या असाल तर नोकरीचे कागद आणा. ते माझ्याकडे कुठले?"

"अगं, तुझं वजन वाढावं म्हणून लिहिलं मी. सुटी कामं करणारीला कोण विचारतंय?"

"तिथे सुटी कामं करणारीच हवीय."

एरवी दोघंही हसले असते. साडेअकरा वाजून गेले होते. एकच्या आत नवं पत्र पोचलं नाही, तर पुढची तारीख सात महिन्यांनी. नवरा परदेशी गेला तेव्हा मुलगी रांगत होती, आता ती चार वर्षांची झाली होती. त्याच्या परवान्यावर बायकामुलांना नेता येत नव्हतं. स्वतःच्या कामावर, स्वतःच्या नावाने जायचं, एवढी एकच वाट उरली होती. तिच्या गुडघ्याला टेकून मुलगी काकांचं खोडरबर चावत होती. तिने ते काढून घेतलं, तर पोरीने दुसरं उचललं.

"चिमणे, पोटात झाड उगवेल," काका म्हणाले आणि दोन बोटांनी टाइप करू लागले. "'यांचा संस्थेशी फक्त कामापुरता संबंध आहे.' चालेल?"

"चालेल." ती घुटमळली. "आणि इतर प्रकाशकांचीही कामं करतात, असं. निदान दोघं तरी लागतात म्हणे."

"करतेस?"

तिने पर्समधून दुसरं पत्र काढून ठेवलं. ते काकांच्या जुन्या भागीदाराचं होतं. भांडून वेगळा झाल्यापासून काकांनी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. ती दोन वर्षं गुपचूप त्याच्याही आकृत्या काढत होती.

काकांनी ते पत्र दोनदा वाचलं.

"तरीच. त्याच्या पुस्तकातला बेडूक मला ओळखीचा वाटला. नक्कल मारली म्हणून नोटीस धाडणार होतो त्याला."

"काका, मी सांगणारच होते..."

"निघ. रस्त्यात गर्दी असते."

त्यांनी ती ओळ घातली, सही केली. शिक्का पुसट उमटला म्हणून पुन्हा मारला. पत्र दिलं ते मुलीच्या हातात.

खिडकीशी ती पोचली तेव्हा एकला दहा मिनिटं कमी होती. पलीकडच्या बाईने नवं पत्र सकाळच्या पत्राच्या प्रतीशेजारी ठेवलं.

"सकाळी घरच्या होतात. दुपारी कामापुरत्या?"

"ते मायेपोटी लिहिलं होतं त्यांनी."

"मायेचा रकाना नाही आमच्याकडे," म्हणत बाईने पत्रावरचा नंबर फिरवला.

काचेपलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. बाईचे ओठ हलले, थांबले. मग ती नुसतीच ऐकत राहिली. मध्येच मान वर करून तिने बाहेर पाहिलं. तशी आईने मुलीला उचलून कडेवर घेतलं आणि घट्ट धरलं.

फोन खाली गेला. शिक्का आपटला.

"घेतला अर्ज."

"काय म्हणाले ते?"

"ओळखदेख नाही म्हणाले. चित्रं येतात, पैसे जातात. तुम्हाला कधी पाहिलंसुद्धा नाही." बाईने कागद फिरवून पेन पुढे केलं. "बरोबर आहे ना? मग इथे सही करा."

"बरोबर आहे," ती म्हणाली. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा एकदा, मोठ्याने म्हणाली.