विमानाच्या नावावरचं तेल

कल्पना करा बाळांनो, तुम्ही एका चिमुकल्या विमानाच्या नाकापाशी उभे आहात. आत दोनच माणसं मावतात. पत्रा उन्हानं तापलाय. या विमानाच्या इंजिनाची एक खोड आहे: उडता उडता ते थोडं तेल जाळून टाकतं. किती जाळलं, हे त्याची देखभाल करणाऱ्यालाच ठाऊक. तेल परदेशी, भलतंच महाग. आता त्या इंजिनाच्या मेकॅनिकबरोबर, दिगंबरबरोबर, फ्लाइंग क्लबच्या मीटिंगच्या खोलीत चला.

"आणखी तेल?" सेक्रेटरी रावसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, हे विमान आहे की दिवाळसणाला आलेला जावई? नुसतं वाढतच राहायचं!"

सगळे हसले. सगळ्यांच्या हातात फराळाच्या बशा होत्या. दिगंबर दाराशी उभा होता. शाळेला सुट्टी आणि बायकोची दिवसपाळी, म्हणून त्याची छोटी मुलगी उत्कर्षाही बरोबर आली होती. कुणीतरी तिलाही बशी दिली.

पूर्वी हे तेल मागवायला दिल्लीची परवानगी लागायची. तेव्हा डबे औषधासारखे कुलपात असत. पुढे देश खुला झाला, मुंबईला फोन केला की खोकी दारात. त्यातच कुणीतरी पसरवलं, विमानाचं तेल घातलं की मोटार लोण्यासारखी चालते. तेव्हापासून दिवाळीला क्लबचे सभासद मिठाईऐवजी तेलाचा एकेक डबा घरी नेऊ लागले. बिल विमानाच्या नावावर. आज सकाळी दिगंबरनंच ते डबे एकेका गाडीच्या डिकीत ठेवले होते. प्रत्येक डिकी लावताना त्याला शिसारी आली होती, आणि प्रत्येक वेळी तो "शुभ दीपावली, साहेब" म्हणाला होता.

"हिंमतराव, तुमच्यासमोरच विचारतो," रावसाहेब म्हणाले. हिंमतरावांचं हिंजवडीच्या रस्त्यावर हॉटेल होतं. विमान विकत घ्यायला ते आले होते. "दिगंबर, खरं सांग. फार पितं ना हे? परवडतच नाही, म्हणून तर विकतोय. बोल की. नवीन विमान येतंय, त्यावर तुलाच ठेवायचंय."

दिगंबरनं तरुणपणापासून याच इंजिनात हात घातले होते. त्याचा एकेक आवाज त्याला ओळखीचा होता. उत्कर्षा त्याच्याकडे बघत होती.

"पितं, साहेब."

"मग इंजिन काढूनच द्या," हिंमतराव चकली मोडत म्हणाले. "आपल्याला काय उडवायचं हाय? गच्चीवर उभं करतो. आयटीची पोरं फोटू काढाया येतील, जेवून जातील."

दिगंबरनं चिवड्याचा घास तोंडात टाकला. त्याला तेलाची चव आली. थुंकून टाकावासा वाटला, पण खाली गालिचा होता. त्यानं तो तसाच गिळला.

बाहेर आल्यावर रावसाहेबांनी त्याच्याही हातात एक डबा दिला. "घे. तुझीही दिवाळी."

नको म्हणायला तोंड उघडलं, पण त्यातून "थँक्यू, साहेब" निघालं. स्वतःच्या त्या आवाजाचीच त्याला किळस आली. त्यानं डबा स्कूटरच्या पुढच्या जागेत ठेवला.

"बाबा, आपलं विमान एवढं पितं?"

"तू लहान आहेस."

"सकाळी तर तुम्ही म्हणालात, म्हातारं झालं तरी घोटभरच लागतं."

"तुझ्या जागी डबा आहे, मागे बस," दिगंबर म्हणाला आणि त्यानं किक मारली.

उत्कर्षा मागे बसली नाही. तिनं दोन्ही हातांनी तो डबा उचलला, पोटाशी धरला आणि वाटेत दोनदा खाली टेकवत विमानापर्यंत नेला. पुढच्या चाकाला लावून ठेवला. मग फ्रॉक सावरून त्याच्या शेजारी, पंखाच्या सावलीत, मांडी घालून बसली.