बॉनेटवरच्या तीन रेघा

मी एक जुनी फियाट आहे. एकोणऐंशी सालची, मोरपंखी रंगाची, राहणार अहमदपूर. मित्रांनो, आधीच सांगते, मला माझ्या रूपाचा गर्व आहे आणि त्याची लाजही वाटत नाही. माझे दोन गोल दिवे, पुढची चकचकीत जाळी, मागच्या कडांना काढलेले छोटे पंख, हे सगळं कुणीतरी कागदावर हाताने रेखाटलं होतं. आजच्या गाड्या वाईट नाहीत. पण चार शेजारी उभ्या केल्या, तर मला त्यातली एक दुसरीपासून ओळखता येत नाही.

माझे मालक संगप्पा. मोंढ्यात त्यांची अडत होती. संगप्पांनी गाडी बसायला नाही, बघायला घेतली, असं लोक चेष्टेने म्हणत. चेष्टेत तथ्य होतं. दुपारी ते दुकानाच्या पायरीवर येऊन मला नुसतं न्याहाळत उभे राहायचे. संध्याकाळी शेजारी बायकोला, गंगम्माला घ्यायचं, शिरूर ताजबंदपर्यंत जायचं आणि तिथून परत फिरायचं. "काय काम हाय तिकडं?" असं कुणी विचारलं, तर म्हणायचे, "काम काही न्हाई. वळणावर लई सुरेख वळती, म्हणून जातो."

गंगम्माशी मात्र माझं कधी जमलं नाही. दरवर्षी दसऱ्याला ती पाण्यात भस्म कालवायची आणि तीन बोटं माझ्या बॉनेटवरून आडवी ओढायची, घरातल्या माणसांच्या कपाळावर ओढतात तशीच. इथवर ठीक होतं. पण त्या घरात लावलेलं भस्म कुणी पुसत नसे. ते आपोआप जाईल तेव्हा जाईल. उन्हात ते दिवसचे दिवस वाळत पडायचं. दरवर्षी तीच जागा, तीच बोटं. शेवटी राखेने रंग खाल्ला आणि तीन फिक्या, खरबरीत रेघा कायमच्या उमटल्या. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एवढ्या देखण्या अंगावर हा डाग कशाला?

तीन वर्षांपूर्वी गंगम्मा, पोरांची अव्वा, गेली. त्यानंतर संगप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, पण ते दवाखान्यात जायला तयार होईनात. "आता काय बघायचं राहिलंय?" म्हणायचे. हळूहळू त्यांना दिसेनासं झालं आणि गाडी चालवणंही सुटलं. तरी रोज सकाळी, घरातलं कुणी उठायच्या आत, ते भिंत चाचपत अंगणात यायचे. माझ्या बॉनेटवर हात फिरवत त्या रेघा शोधायचे आणि त्यांत आपली तीन बोटं ठेवायचे. तिची बोटं बारीक होती, त्यांची जाड. नीट बसायची नाहीत, तरी ते कितीतरी वेळ तसेच उभे राहायचे. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या रेघांवरचा माझा राग कधी निघून गेला, ते मलाही सांगता येणार नाही.

मागच्या महिन्यात मुलाने, उमाशंकरने, त्यांना कसंबसं राजी केलं आणि लातूरला ऑपरेशन ठरलं. पोरगा मनाने चांगला हो! दिसायला लागलं की अप्पांना गाडी पहिल्यासारखी नवी दिसावी, असं त्याच्या मनात होतं. ब्रेकच्या कामाला पाठवतो असं सांगून त्याने मला लातूरला भागवत पेंटरकडे धाडलं.

भागवत जुन्या गाड्यांचा दर्दी. दोन दिवस त्याने माझे दरवाजे आणि पंख इतक्या हळुवारपणे घासले की मी खूश होते. तिसऱ्या दिवशी सकाळी तो बॉनेटकडे वळला. तो हात फिरवता फिरवता रेघांवर थबकला. बोटाने चाचपू लागला. मग त्याने फोन लावला.

"उमाशंकरभाऊ, ह्या तीन रेघा कशाच्या हायत? मुद्दाम ठेवल्यावानी दिसायल्यात."

"अव्वाच्या भस्मानं रंग खाल्लाय तिथं," पलीकडून आवाज आला. "तेच आधी घासा. अप्पांची पट्टी निघाली, अन् ते म्हणतेत, गाडी हितंच हाय तर आत्ता दाखव. ऑटो बाहेर उभा हाय, अप्पांना घेऊन पोचतोच. डाग तेवढा दिसायला नको."

भागवतने घासायचं मशीन सुरू केलं. मला हॉर्न आहे, पण तो दाबायला माणूस लागतो. मी काय करणार? मशीन खालच्या रेघेवर टेकलं. पत्रा थरथरला, पांढरी भुकटी उडाली. एक रेघ गेली. त्याने भुकटी फुंकली आणि मशीन मधल्या रेघेवर आणलं.

"थांबा."

दारात संगप्पा उभे होते, डोळ्यांवर काळा चष्मा. मशीन बंद झालं. ते सरळ चालत आले. कितीतरी दिवसांनी त्यांनी मला पाहिलं, पण माझ्या जाळीकडे नाही, दिव्यांकडे नाही. त्यांनी बॉनेटवर तीन बोटं ठेवली. दोन बसली. तिसरं घसरलं.

त्यांच्या मागून आलेला उमाशंकर बघत राहिला. मग त्याला सगळं कळलं असावं, कारण त्याचा चेहरा उतरला. "अप्पा, मला सांगायचं तरी," तो म्हणाला.

"काय सांगायचं रे? रोज बायकोला भेटायला जातो, म्हणून सांगू?"

संगप्पांनी हात काढला नाही. ते भागवतला म्हणाले, "दोन हायत अजून. तेवढ्या राहू द्या."

भागवतने बाकी सारं अंग आरशासारखं केलं आणि तेवढी जागा जुनीच ठेवली. परवा पेट्रोल पंपावर एक जण म्हणाला, रंगवणाऱ्याने काम अर्धवट सोडलं. म्हणू दे. संगप्पांना आता लांबूनही स्वच्छ दिसतं. तरी सकाळी येतात, डोळे मिटून घेतात आणि दोन बोटं रेघांत ठेवतात. तिसरं बोट गुळगुळीत पत्र्यावर जरा वेळ शोधत राहतं.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरातली जुनी वस्तू नवी करायला काढाल तेव्हा मशीन लावायच्या आधी घरातल्या सगळ्यांना एकदा विचारा. आम्हाला सांगता येत नाही.