मंग पाळ म्हना की!

ही गोष्ट दोन हजार बावीस सालची. मित्रांनो, त्या साली मला पन्नास वर्षं पुरी झाली होती. मी मातीची एक जुनी पाळ आहे. अंबड तालुक्यात गोदावरीच्या काठाला बोरगव्हाण नावाचं लहानसं गाव आहे. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. त्या गावाच्या आणि गंगेच्या मध्ये मी आडवी पडून असते. पूर आला की गंगा माझ्या छातीला टेकते आणि थोड्या वेळाने माघारी जाते.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. नदीत टिपूस नव्हता आणि सरकारी कामावरच्या बाया पुरासाठी माती वाहत होत्या. त्यांना त्याचं फार हसू यायचं. त्यांच्यात नवी नवरी तुळजा होती. धुमसाने माती ठोकताना ती ओव्या म्हणायची. त्या ओव्या अजून माझ्या अंगात आहेत असं मला वाटतं. पुढे तिचं घर माझ्याच पायथ्याशी झालं.

पहिला मोठा पूर मी अडवला, तेव्हा गावाने मला नारळ फोडला, माझी ओटी भरली. मग हळूहळू लोक मला विसरले. अंकुशनगरच्या साखर कारखान्याला ऊस लवकर पोचावा म्हणून ट्रॅक्टरांनी माझ्या अंगावरून वाट पाडली. घुशींनी बिळं केली. वेडी बाभूळ माजली. तुळजाबाई तेवढी येता-जाता एखादं बीळ दगडाने बुजवायची.

मग मोनाली आली. ती याच गावची. जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाण्याच्या कंपनीत पोत्यांवर लेबलं लावण्याचं काम करायची आणि रविवारी घरी यायची. तिने काठच्या गावांसाठी मोबाइलवर एक सामायिक नकाशा सुरू केला. पुरापासून गाव राखणारा बांध कुठे आहे, कसा आहे, कुठे कमजोर आहे, हे ज्याने त्याने फोटोसह त्यात भरायचं. म्हणजे पुराच्या वेळी मशीन आणि माणसं नेमकी कुठे धाडायची ते सगळ्यांना दिसेल. तिने माझाही फोटो काढला. मी जरा ताठच झाले.

पण तिने शब्द पुस्तकातला घेतला. तिने लिहिलं, ‘आपल्या गावातले बांध नोंदवा.’ मित्रांनो, आमच्याकडे बांध म्हटलं की माणसाला नदी आठवत नाही, शेजारी आठवतो. दोन शेतांमधला मातीचा पट्टा तो बांध. लोकांनी मोठ्या हौसेने तेच भरले. कडूबाने लिहिलं, ‘बांध खचला नाही, खचवला. खचवणारा रामप्रसाद. माझा सख्खा भाऊ.’ रामप्रसादने त्याच्याखाली मिशीला पीळ दिलेला स्वतःचा फोटो टाकला. या गर्दीत मी कुठे आहे, ते मलाही सापडलं नसतं.

भादव्यात वरच्या धरणातून पाणी सोडलं. सकाळीच ट्रॅक्टरच्या वाटेपाशी माझी माती सुटू लागली. तुळजाबाईने ते पाहिलं आणि माझ्यावर उभं राहूनच फोन लावला.

“मोनाली, पाळ खचून राह्यली गं! माझ्या न्हाणीच्या मागं!”

“माय, तू आधी घरातून निघ.”

“निघाले. पन मशिन जल्दी धाड. घर गेलं तर तुझ्याच जालन्याच्या खोलीवर येऊन बसंन, सांगून ठेवते.”

मोनालीने घाईघाईने नकाशात टाकलं, ‘बोरगव्हाण, बांध खचला.’ शेजारच्या गावात भारतची जेसीबी उभी होती. त्याने मोबाइल उघडला, बोरगव्हाणचा खचलेला बांध शोधला आणि थेट कडूबाच्या शेतात जाऊन पोचला. पुढचं मी त्याच्याच तोंडून ऐकलं.

“का रं राम्या, दिवसाढवळ्या मशिन आनलं? माझा बांध खायला?” कडूबा ओरडला.

“मी कशाला आनू? तूच आनलं असंन. मोजणीत हरल्ता ना!”

बोलता बोलता दोघे मशिनीसमोर आडवे झाले, एक बांधाच्या या बाजूला, एक त्या बाजूला. भारतने मोनालीला फोन केला. “मॅडम, बांधावर बराबर आलो. दोन मानसं म्होरं झोपलीत. पन नदी कुठंय?”

इकडे माझ्यातून पाणी झिरपायला लागलं होतं. तुळजाबाई शेळी धरून देवळाच्या ओट्यावर उभी होती आणि तिची नजर घरावरून हलत नव्हती.

“दादा, तो बांध न्हाई!” मोनाली कळवळून म्हणाली. “तुळजामायच्या घरामागची पाळ खचली!”

फोनच्या स्पीकरवर ते ऐकून दोघे भाऊ एकदम उठून बसले. कडूबा पाठीवरची माती झटकत म्हणाला, “पाळ? मंग पाळ म्हना की! बांध बांध काय लावलंय!”

“माती कुठली टाकायची?” भारतने विचारलं. “तिकडं समदा चिखल असंन.”

भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. भांडणापायी त्या बांधाला कित्येक वर्षं नांगर लागला नव्हता. माती घट्ट, मुरमाड.

“ही हाय की,” रामप्रसाद म्हणाला.

“माझी बाजू आधी उचल,” कडूबा म्हणाला. “न्हाईतर राम्या म्हनंन, त्याच्याच मातीनं गाव वाचलं.”

दोघांचे ट्रॅक्टर भरून आले. खताच्या रिकाम्या पोत्यांत माती भरली, उरलेली वरून ओतली, मशिनीने दाबली. दुपारपर्यंत गळती थांबली. तुळजाबाईच्या न्हाणीत घोटाभर पाणी शिरलं, घरात नाही.

पाणी ओसरल्यावर मोनाली तिच्याशेजारी माझ्यावर येऊन बसली. “माय, एका वाणाचं लेबल दुसऱ्याच पोत्यावर गेलं तर सगळा हंगाम जातो. मी तसंच केलं.”

“मला तरी कुठं ठावं,” तुळजाबाई म्हणाली, “मोबाइलमधी बांध म्हंजी आपली पाळ?”

मग दोघींनी नकाशा निवडायला घेतला, जसं सुपात धान्य निवडावं तसा. शेताचा तो बांध. पाणी साठवतो तो बंधारा. गाव राखते ती पाळ. माझ्या प्रत्येक टप्प्याला गावात चालतं तेच नाव मिळालं: आसरांचं ठाणं, बाभळीचा मोड, तुळजाबाईची न्हाणी. या शेवटच्या नावावरून ती फार चिडली. “माझी न्हाणी जगाला दाखवली!” पण ते नाव राहिलं. आता माझी निगा पाळीपाळीने होते. ज्या घराची पाळी, ते बिळं बुजवतं आणि फोटो टाकतं. ट्रॅक्टर आता वळसा घालून जातात.

मोनाली लग्न होऊन परतूरला गेली. तिथल्या दुधनाकाठच्या गावांनाही तिने नकाशात घेतलं. भारत कुठेही बोलावणं आलं की आधी विचारतो, “तिथून नदी दिसती का?” तुळजाबाई मागच्या माघात गेली, स्वतःच्या घरात, कोरड्या अंथरुणावर. तिची आठवण आली की मी मनातल्या मनात तिच्या ओव्या घोळवते.

मित्रांनो, तुमच्या गावाला माझ्यासारखी कोणी असेल तर तिच्यावरून वाट पाडू नका. तिची माहिती सगळ्यांना सापडेल अशी ठेवा, आणि तिला ज्या नावाने हाक मारता तेच नाव लिहा.

कडूबा आणि रामप्रसाद यांच्या शेतात आता बांध नाही, ओळीने मांडलेले दगड आहेत. भांडण अजून चालतं, पण ते माझ्यावर बसून, एकाच पुडीतली तंबाखू मळत. मला वाचवणारी माती जास्त कोणाच्या बाजूची होती, हा वाद. मला विचाराल, तर माझ्या पोटात आल्यावर ती एकच झाली.